मांजराचे सोंग

लहान मुलाला मांजर व्हायचे असेल तर त्याला मांजर होऊ द्यावे आणि त्या मांजराचे कपडे घरी शिवावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी दिवाळी अंकाची पाने खर्ची घालणाऱ्या संपादकांचे वाचकांना नवल वाटेल. पण या एवढ्याशा गोष्टीवरून मी शेजारणींशी वाद घातला आहे, भाचीशी घातला आहे, शाळेतल्या बाईंशी घातला आहे आणि एकदा तर मांडवात बसलेल्या परीक्षकांशीही घातला आहे. वाद मांजरापासून सुरू होतो आणि पाहता पाहता असा काही पसरतो की समोरचा माणूस शेवटी ‘तुम्हाला मुलांच्या भवितव्याची काळजीच नाही’ असे म्हणून उठून जातो. तेव्हा एकदाचे सगळे सलग लिहून काढावे असे ठरवले.

माझा अधिकार विचाराल तर तो मशीनवर बसण्याचा आहे. छत्तीस वर्षे मी शिवणकर्तनाचा वर्ग चालवला. झबल्या-टोपड्यांपासून शिवलेल्या नऊवारीपर्यंत सर्व काही या हातांखालून गेले. मांजरे किती शिवली त्याची नोंद ठेवलेली नाही. पण वाघ, ससे आणि एक कासव धरले तर तिसाच्या खाली आकडा जाऊ नये.

पूर्वी शाळांतून ‘विचित्र वेशभूषा स्पर्धा’ होत. आता ‘फॅन्सी ड्रेस’ होतो. नाव बदलल्याचे मला दुःख नाही; त्यातला विचित्रपणा गेला याचे आहे. २०२३ च्या डिसेंबरात माझ्या भाचीच्या सहा वर्षांच्या मुलीने मांजर होण्याचा हट्ट धरला. शाळेची सूचना सोमवारी आली, स्पर्धा शुक्रवारी. मी तिचा जुना काळा पायजमा आणि पूर्ण बाह्यांचा काळा बनियन घेऊन तीन रात्रींत मांजर उभे केले. शुक्रवारी ती चार पायांवर व्यासपीठावर गेली, मध्यभागी बसली, अंग चाटले आणि परीक्षकांकडे पाहिलेही नाही. मांजराला ओळखणारा कोणीही माणूस तिथेच तिला पहिला क्रमांक देऊन मोकळा झाला असता. परीक्षक मात्र ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, ‘बाळ, तू समाजाला काय संदेश देणार?’ ती म्हणाली, ‘म्याँव.’ मांडव हसला आणि मांजराला शून्य गुण मिळाले. पहिले बक्षीस एका झाडाला गेले. त्या झाडाच्या थर्माकोलच्या फांद्या त्याचे वडील मागून सावरून धरत होते आणि ते झाड ‘झाडे लावा’ असे सांगताना तिसऱ्या ओळीला अडकले होते. दुसरे बक्षीस प्लॅस्टिकच्या पिशवीला. पोर मजेत होती, तिला बक्षिसाचे सुतक नव्हते. पण तिच्या आईला बाई जे म्हणाल्या ते मला अजून गिळता आलेले नाही: ‘पुढच्या वर्षी जरा अर्थपूर्ण विषय निवडा.’

अर्थपूर्ण! या शब्दाला मी आता भिते. सहा वर्षांच्या मुलाला टिळकांची पगडी घातली, दोन वाक्ये पाठ करून घेतली आणि त्याने ती छातीवर हात ठेवून म्हटली की अर्थ झाला. त्या मुलाला टिळक ठाऊक नसतात, मंडाले ठाऊक नसते आणि पगडी डोळ्यांवर येत असल्याने समोरचे लोकही दिसत नसतात. थोर पुरुषांची ओळख व्हावी याला माझा विरोध कशाला असेल? पण ही ओळख कोणाची कोणाला होते? मांजराचे तसे नाही. मांजर हा आमच्या नातीचा स्वतःचा विषय होता. कठड्यावर येणाऱ्या एका बोक्याकडे ती कित्येक महिने पाहत आली होती. मांजर आधी पुढचे पाय ताणते आणि मग मागचा एकेक पाय झटकते. उडी चुकली की आपण उडी मारलीच नव्हती असे दाखवीत अंग चाटू लागते. हाक मारली की मान न वळवता नुसता कान वळवते. हे तिला कोणी शिकवले नव्हते. साऱ्या मांडवात स्वतःच्या सोंगाविषयी काही ठाऊक असलेले ते एकटेच मूल होते, आणि त्यालाच सांगण्यात आले की तुझ्या सोंगात अर्थ नाही.

‘सोंग’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. ‘वेशभूषा’ म्हटले की आरशासमोर उभे राहिल्यासारखे वाटते. सोंग म्हटले की ते वठवावे लागते. आपल्याकडचे बहुरूपी सोंगे घेऊन दारोदार फिरत. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवट्यांची सोंगे रात्र रात्र नाचतात. मांजराच्या थोरल्या भावाचे, वाघाचे, सोंग तर केवढे मानाचे! दख्खनमध्ये मोहरमात वाघ निघत आले आहेत. मंगळूर-उडुपीकडे दसऱ्यात ‘हुली वेष’ निघतो. केरळात त्रिचूरला ओणमच्या चौथ्या दिवशी ‘पुलिकळी’त पोट सुटलेले प्रौढ गृहस्थ त्याच पोटावर वाघाचे तोंड रंगवून नाचतात. यांपैकी एकाही वाघाला कोणी संदेश विचारलेला माझ्या ऐकिवात नाही. आणि हेही पाहा की यातले बहुतेक वाघ अंगावर रंगाने काढलेले असतात. नाचणाऱ्याला नाचता आले पाहिजे, हा हिशेब आपल्या लोकांना फार पूर्वीच कळला होता.

(महाबलीपुरमला सातव्या शतकातल्या त्या प्रचंड शिल्पपटात एक मांजर आहे. ते मागच्या पायांवर उभे राहून पुढचे पाय डोक्यावर जोडून तप करते आहे आणि भोवती उंदीर जमले आहेत. तिथे मांजरानेच माणसाचे सोंग घेतले आहे. आमच्या परीक्षकांनी त्याला पहिला क्रमांक दिला असता. त्यात संदेश ठासून भरला आहे.)

आता पोशाखाकडे वळते. ‘मावशी, पाचशे रुपयांत मांजर भाड्याने मिळते गं, तू कशाला डोळे फोडतेस?’ असे भाची म्हणते. भाड्याने पोशाख देणाऱ्याशी माझे वैर नाही. नाटकमंडळींना वेळेवर शेला, जिरेटोप, अंगरखा पुरवणाऱ्या ड्रेसवाल्यांनी मराठी रंगभूमीची मोठी सेवा केली आहे. पण मोठ्या माणसाला मापाचा अंगरखा देणारे दुकान मुलाला जे मांजर देते, ते सहा ते दहा वर्षांच्या सर्व मुलांसाठी एकच असते. म्हणजे ते कोणाचेच नसते. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. ते एकसंध असते, चेन पाठीमागे मानेपर्यंत गेलेली असते आणि ती मुलाच्या हाताला लागत नाही. लघवीला जायचे तर सारे मांजर सोलावे लागते. म्हणून आया सकाळपासून मुलाला पाणी देत नाहीत! डोक्यावर टोपडे असे की कान झाकले जातात आणि बाईंची हाक ऐकू येत नाही. शेपूट पाठीवरच्या नुसत्या कापडाला टाचलेले असते. कोणीतरी ओढते, कारण शेपूट दिसले की ओढायचे हा बालधर्म आहे, आणि पाठ टरकते. मग अनामत रक्कम जाते. असे मांजर घातलेले मूल व्यासपीठावर दोन पायांवर उभे राहते, हात अंगापासून लांब धरते आणि घाम गाळते, कारण चार पायांवर जाण्यासाठी तो पोशाख कापलेलाच नसतो. तो छायाचित्रासाठी कापलेला असतो.

इथे शिवणाऱ्याच्या विद्येचा प्रश्न येतो, आणि या विद्येविषयी कोणी दोन शब्द लिहीत नाही म्हणून मी चार लिहिणार आहे. मांजर दोन भागांत शिवावे: पायजमा वेगळा, अंगरखा वेगळा. मुलाला स्वतःच्या हाताने पायजमा खाली करता आला पाहिजे, हा पहिला नियम. कोणाला एकसंधच हवे असेल तर खांद्यापासून पुढून, दोन पायांमधून, पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत असे माप घ्यावे आणि ते मुलाला उकिडवे बसवून घ्यावे. उभ्या मुलाचे माप घेतले की आसनाशी कापड कमी पडते आणि पहिल्याच उडीला शिवण बोलते. कापड होजिअरीचे, इंटरलॉक, ताण देणारे. गुडघ्यांना आतून दुहेरी ठिगळ, कारण मांजर फरशीवर चालणार आहे. पायात मोजे नकोत. घोटलेल्या फरशीवर मोजे घातलेले मांजर घसरते. पंजे बोटांविना शिवावेत, नुसते हाताच्या पाठीवर बसणारे, म्हणजे मांजराला लाडूही खाता येईल.

शेपटाविषयी लोकांच्या कल्पना फार भव्य असतात. गुडघ्याच्या मागे पोचेल एवढेच शेपूट पुरे. त्याहून लांब झाले की मागचे मूल त्यावर पाय देते. आत तार घालू नये, ती केव्हा तरी बाहेर येते. कापूसही गच्च भरू नये. जुन्या बनियनच्या पट्ट्या सैलसर भराव्यात, म्हणजे शेपटाला वजन येते आणि ते चालताना आपोआप हलते. ते पायजम्याला न शिवता कमरेच्या पट्ट्याला टिचबटणांनी लावावे: ओढले की निघून येईल, फाटणार काही नाही. कान बकरम घालून दुहेरी करावेत आणि डोक्याच्या माथ्यावर शेजारी शेजारी न लावता घड्याळातल्या दहा आणि दोन या आकड्यांच्या जागी लावावेत. जवळ लावले की ससा होतो. मुखवटा तर मुळीच नको. नाकाच्या शेंड्यावर काजळाचा ठिपका आणि गालांवर मिशांच्या रेघा. खऱ्या मांजराला एका बाजूला साधारण बारा मिशा असतात, आपण तीन काढल्या तरी ते रागावत नाही.

रंगाची गोष्ट जाता जाता. एका मुलाला काळे, पांढरे आणि नारिंगी असे तीन रंगांचे मांजर व्हायचे होते. त्याच्या काकांनी हरकत घेतली की अशी मांजरे जवळजवळ सर्व माद्या असतात. ते खरे आहे. नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते त्याचा हा परिणाम. मी त्या मुलाला तीनही रंगांची ठिगळे लावून दिली. काकांनी स्वतःच्या पुतण्यासाठी सुईत दोरा ओवला असता तर त्यांचे जीवशास्त्र मी अधिक आदराने ऐकले असते.

आणि प्रत्येक शिवणीत माया ठेवावी. आमच्या धंद्यात टिपेच्या बाहेर राखलेल्या कापडाला माया म्हणतात. भाड्याच्या आणि तयार कपड्यांत ती दोरा निसटेल इतकी कमी असते, कारण कापडाचा एकेक सेंटीमीटर तिथे पैशांत मोजला जातो. घरी दोन बोटे माया ठेवली की पुढच्या वर्षी तेच मांजर उसवून मोठे करता येते. तीन वर्षे एकच मांजर वाढवीत नेलेली घरे मी पाहिली आहेत.

लोकरी केसांचे कृत्रिम कापड मात्र मुळीच आणू नये, आणि हे मी केवळ उकाड्यासाठी सांगत नाही. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दारात पणत्या असतील आणि मुलांच्या हातांत फुलबाज्या. पॉलिएस्टरचे किंवा अ‍ॅक्रिलिकचे केसाळ कापड पेटले की वितळते आणि कातडीला चिकटते. अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात मुलांचे काउबॉयचे पोशाख निघाले होते. त्यांच्या पायांवरचे झुपकेदार रेयॉन असे भडकले की मुले जळाली, काही दगावली. मग तिथे १९५३ साली ज्वालाग्राही कापडांचा कायदा झाला. म्हणजे तो कायदा ज्यांच्यामुळे झाला त्यांत मुलांचे सोंगाचे पोशाखही होते. सुती कापड पेटत नाही असे कोणी समजू नये. तेही पेटते, आणि लव काढलेले फ्लॅनेल तर झटकन पेटते. म्हणून दाट विणीचे, अंगाबरोबर बसणारे कापड घ्यावे, लोंबते काही ठेवू नये आणि मांजराला दिव्यापासून लांब ठेवावे. केसांविना मांजर दिसणार कसे, असे विचारणाऱ्यांना मी लंडनचे उदाहरण देते. तिथे मे १९८१ मध्ये ‘कॅट्स’ हे संगीतक लागले आणि मे २००२ पर्यंत, एकवीस वर्षे, चालले. त्यातल्या नटांच्या अंगावर ताणाच्या कापडाचे, रंगवलेले, घट्ट कपडे होते. मांजर त्यांच्या पाठीच्या कण्यात होते. पुढे २०१९ साली त्याचाच चित्रपट झाला, त्यात संगणकाने प्रत्येक नटाच्या अंगावर केस उगवले आणि लोक त्यांना पाहून दचकले.

आता माझ्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप. एक तरुण प्राध्यापिका मला म्हणाल्या, ‘काकू, तुमचे हे घरी शिवणे म्हणजे शेवटी आईच्या गळ्यात आणखी एक काम. बाप वर्तमानपत्र वाचणार आणि ती रात्री अकराला टिपा घालणार.’ हे मी हसण्यावारी नेत नाही. संध्याकाळी आठला विरारच्या गाडीतून उतरून स्वयंपाकाला लागणाऱ्या बाईने केवळ माझ्या लेखामुळे रात्र जागवावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. तिने खुशाल भाड्याचे मांजर आणावे, आणि तिला कोणी नावे ठेवली तर माझ्याकडे पाठवावे. पण मग माझा प्रश्न असा, की तिला चार दिवसांची मुदत कोणी दिली? शाळेने. शिकवणुकीचे तास भरून काढायला सहा महिने लागतात, त्या शाळेला सोंगासाठी तीन आठवडे आधी कळवता येत नाही? दुसरा प्रश्न पुरुषांचा. बाजारात जाऊन पाहा; मशीनवर बसलेले शिंपी बहुतेक पुरुषच आहेत. सुई हातात धरायला पैसे मिळाले की ती पुरुषाच्या बोटांना शोभते आणि घरी आली की बायकांची होते, हे गौडबंगाल मला छत्तीस वर्षांत उलगडलेले नाही. माझ्या वर्गात दोन वडील येऊन शिकून गेले. त्यांतले एक बँकेत रोखपाल होते. त्यांचा धावदोरा माझ्या निम्म्या विद्यार्थिनींहून सरळ असे.

आणि मूल स्वतः? आठ वर्षांच्या मुलाला धावदोरा येतो. त्याला शेपूट भरता येते, कानांचे कागदी साचे कापता येतात, टिचबटणाची खूण करता येते. पोशाख वेष्टनातून निघताना पाहणारे मूल त्याचा आकडा विचारते. पायजम्याचे मांजर होताना पाहणारे मूल दर दहा मिनिटांनी येऊन बसते, पाठीवर पट्टे हवेत की नकोत यावर मत देते, आणि ते मत पाळावे लागते. वस्तू कोणीतरी करतो तेव्हा होते, ही बातमी हल्लीच्या मुलांपर्यंत पोचण्याचे मार्ग फार थोडे उरले आहेत.

मोठ्या मुलींविषयी लिहिताना मला जरा संकोच वाटतो, पण टाळत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीसाठी बाजारात जे ‘मांजर’ मिळते, त्यात मांजर फक्त कानांपुरते असते. बाकीचा सर्व पोशाख पाहणाऱ्यांचा विचार करून कापलेला. ज्या वयात स्वतःचेच शरीर परके वाटू लागते, त्या वयात मुलीने कोणाच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहावे हे कारखान्याने ठरवून टाकलेले असते. तिने तसा पोशाख घालू नये, असा हुकूम मी काढणार नाही. हुकमांनी त्या वयात उलटेच होते. मी एवढेच म्हणते की तिच्या हाती कात्री द्या. गळा किती खोल, बाही किती लांब, हे स्वतः खडूने आखणारी मुलगी काय ठरवते ते पाहा; ते तुमच्या अटकळीहून वेगळेच निघेल.

गेल्या मार्चात शेजारची एक नववीतली मुलगी अशीच आली. मैत्रिणींनी मिळून एक मुलांचे नाटक बसवले होते आणि हिच्या वाट्याला मांजर आले होते. तयार पोशाखाचे चित्र तिने मोबाइलवर दाखवले, मग म्हणाली, ‘आजी, यात बसता येईल असे वाटत नाही.’ दीड मीटर करडे इंटरलॉक आणले. बेतणे माझे, कापणे तिचे. अंगरख्याला तिने बाजूने खिसा लावायला घेतला. मांजराला खिसा कशाला, असे मी विचारले. ‘मला हवा,’ ती म्हणाली. शेपूट तिनेच भरले. मधे एके ठिकाणी गाठ झाली आणि ते तिथून वाकडे राहिले. मी उसवून देते म्हटले तर तिने ते माझ्या हातातून काढून घेतले आणि म्हणाली की त्यांच्या गल्लीतल्या मांजराचे असेच आहे.